श्वानासाठीं स्थळ पाहतांना

उपवर कन्येच्या पित्याची विवंचना आपणांपैकीं अनेकांनीं अनुभविली असेल. माझ्या वांट्याला ती निराळ्याच रूपानें आली. रस्त्यावर सांपडलेलीं कुत्र्यांची पिलें आणि धनी नसलेलीं प्रौढ कुत्रीं यांच्यासाठीं मी गेलीं कांहीं वर्षें स्थळें पाहत हिंडतों. या उद्योगांत जें शिकलों आणि जेथें चुकलों, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

भूतदया ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पोळी तोंडांत धरून पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. दत्तात्रेयाच्या पायांशीं बसलेलीं चार कुत्रीं घरोघरच्या तसबिरींत आहेत. मुंबईंत तर १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी मंडळींनीं मोठा दंगा केला. आणि पुढें दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें तेथें पांजरपोळाची स्थापना झाली. परंतु दया वाटणें आणि दयेचा भार वर्षानुवर्षें वाहणें यांत अंतर आहे. तसबिरींतल्या कुत्र्याला लस टोंचावी लागत नाहीं.

बंगालमध्यें शास्त्रज्ञांनीं रस्त्यावरील कुत्र्यांच्या ९५ वेतांच्या ३६४ पिलांवर नजर ठेवली होती. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत असें दिसलें कीं, शेंकडा सुमारें १९ पिलेंच वयांत येईपर्यंत जगलीं. आणि एकंदर मृत्यूंपैकीं शेंकडा ६३ मृत्यूंना या ना त्या प्रकारें माणूस कारण झाला होता. हे आंकडे वाचल्यावर पिलाला चटकन् कोणाच्या तरी ओटींत घालावें, असें कोणालाहि वाटेल. मलाहि तसेंच वाटलें, आणि तेथेंच मी फसलों.

दिवाळीच्या सुमारास एक पिलूं मीं एका घरीं, तेथल्या मुलाच्या हट्टाखातर, देऊन टाकलें. पिलूं जेमतेम पांच आठवड्यांचें होतें. पिलूं निदान आठ आठवडे आईजवळ व भावंडांत राहावें लागतें. खेळतांना दांत जोरानें लागले कीं भावंड ओरडतें आणि खेळ थांबतो; चावण्याची मर्यादा तें याच शाळेंत शिकतें. आमच्या पिलाची ती शाळा अर्ध्यावर सुटली होती. दोन महिन्यांत मुलाच्या हातावर ओरखडे उठले, सतरंज्या भिजल्या, चपला फाटल्या. आणि एके दिवशीं त्या गृहस्थांनीं पिलूं मंडईपाशीं सोडून दिलें. मला तें चार दिवसांनीं कळलें. मीं पुष्कळ शोधलें, सांपडलें नाहीं. उपासमार होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, हें मला ठाऊक होतें. पण पुरती चौकशी न करतां पिलूं हवालीं करणाराचा गुन्हा कोणत्या कलमांत बसतो, हें मला आजवर उमगलेलें नाहीं.

तेव्हांपासून मी आधीं घर पाहतों. घरांतील सर्वांची संमति आहे काय? दिवसां घरीं कोण असतें? बिऱ्हाड भाड्याचें असल्यास घरमालकाला विचारलें काय? आपण परगांवीं गेलांत तर तें कोणाकडे राहील? आजारपणाचा खर्च झेपेल काय? उत्तरें अडखळलीं तर मी नम्रपणें निरोप घेतों. जंताचें औषध आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयाची पहिली लस दिल्यावांचून पिलूं देत नाहीं. पुढील लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें टोंचाव्यात, तीन महिन्यांनीं पिसाळरोगाची लस द्यावी आणि योग्य वयांत नसबंदी करावी, हें लिहून घेतों. महिन्याभरानें त्या घरीं चहाला जातों. आणि उलट मीहि एक वचन देतों : न जमल्यास पिलूं माझ्याकडे परत आणा, मी एक शब्दहि बोलणार नाहीं. परतीचा दरवाजा उघडा असला म्हणजे मंडईकडे जाणारी वाट बंद होते.

२२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मोकाट कुत्र्यांसंबंधीं दिलेल्या आदेशांत, कुत्रें दत्तक घेऊं इच्छिणारांस नगरपालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली; आणि तें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं, ही जबाबदारीहि अर्जदारावर टाकली. मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नावर आपले मतभेद असोत. या एका अटीविषयीं ते नसावेत.

पिलांना मागणी असते. खरी कसोटी प्रौढ कुत्र्याची. एका बाईंच्या निधनानंतर त्यांची नऊ वर्षांची कुत्री माझ्याकडे आली. जो येई तो तिला पाहून हळहळे आणि विचारी, “एखादें पिलूं नाहीं का?” वास्तविक प्रौढ कुत्र्याचा आकार, स्वभाव, खोडी सारें डोळ्यांपुढें असतें, फसगतीला जागा थोडी. तरी अकरा महिने तिला स्थळ मिळालें नाहीं.

शेवटीं एक वृद्ध जोडपें आलें. त्यांनाहि पिलूंच हवें होतें. मीं भीत भीत म्हटलें, “आजी, पिलूं बारा-चौदा वर्षें जगेल. तेव्हां त्याला कोण पाहील?” दोघें बराच वेळ गप्प बसलीं. मग आजी म्हणाल्या, “तर मग हिलाच राहूं द्या. आम्हां तिघांचेहि गुडघे सारखेच दुखतात.”

पहिले तीन दिवस ती दारामागें बसून होती; अन्नाला शिवली नाहीं. आजोबांनीं मला निरोप धाडला. मीं कळविलें, “तिला हांक मारूं नका, जवळ बसून आपलें वर्तमानपत्र वाचा.” चवथ्या दिवशीं तिनें आजींच्या हातचा दहींभात खाल्ला. त्या घरीं ती तीन वर्षें जगली. ती गेल्यावर आजोबांचा मला पुन्हां निरोप आला. सांत्वनाचे शब्द जुळवीत मी गेलों, तों त्यांनीं विचारलें, “अशीच एखादी म्हातारी आहे का तुमच्याकडे?”

श्रोतेहो, होती. अशी एखादी नेहमींच असते.