दारू बंद करायची, तर पिणाऱ्याच्या इलाजाचंही बघा
(मानवत येथे 1997 च्या कार्यकर्ता बैठकीत झालेले भाषण)



बैठक जमिनीची, मग दारूच्या इलाजाचा विषय कशाला, असं काही जणांनी सकाळी विचारलं. तर आधी त्याचंच बोलतो.

आदिवासीची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा 1974 चा. पण जमीन गेली कशी? आधी उधारीची बाटली, मग वहीत आकडा, मग कोऱ्या कागदावर अंगठा. जमीन परत मिळाली आणि घरात पिणं तसंच राहिलं, तर ती दुसऱ्या दाराने पुन्हा जाते. म्हणून हे दोन विषय नाहीत, एकच आहे.

हे बायांनी आधी ओळखलं. 1972 पासून शहाद्याला श्रमिक संघटनेत आदिवासी मजूर जमिनीसाठी उभे राहिले. तिथं बाया बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी दारूचा विषय काढला. नुसता काढला नाही, जथ्याने गुत्त्यावर जाऊन मडकी फोडली. आपल्या किनवटच्या पलीकडे आंध्रात 1992 साली नेल्लोरच्या बाया उठल्या, आणि 1993 ला सरकारला अरक बंद करावा लागला. त्याच 1993 साली लोकांच्या रेट्याने गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. मोठं काम आहे.

पण एक गोष्ट मागे राहते. दुकान बंद झालं, भट्टी मोडली. जो माणूस पंधरा वर्षं रोज पीत होता, त्याचं दुसऱ्या दिवशी काय होतं?

नीट ऐका, हे जिवाशी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की त्याच दिवशी हात कापायला लागतात, घाम सुटतो, झोप येत नाही. पहिल्या दोन दिवसांत कुणाला फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कुणी बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात. आपण म्हणतो भूत लागलं, आणि भगताकडे नेतो. ते भूत नाही, तो आजार आहे, आणि त्यात माणूस मरतो. त्याला औषध आहे. दवाखान्यात चार-सहा दिवस गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत त्याला यातून बाहेर काढता येतं. सोबत ब-एक जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. नुसती ग्लुकोजची बाटली लावून भागत नाही. पिऊन पिऊन सुकलेल्या माणसाला आधी ते जीवनसत्त्व द्यावं लागतं. हे डॉक्टरला विचारायला लाजू नका.

दुसरं. ‘न सांगता दारू सोडवा’ असं म्हणून पुड्या विकणारे बाजारात बसतात. बाई बिचारी नवऱ्याच्या भाकरीत, चहात टाकते. डायसल्फिराम नावाची एक खरी गोळी आहे. ती घेतल्यावर दारू प्यालं तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. माणूस दगावूही शकतो. ही गोळी डॉक्टरने तपासून, पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या राजीखुशीने द्यायची असते. चोरून कधीच नाही. आणि पुडीत काय आहे ते तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तिसरं, अंतर. पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथं माणसाला आठवडेच्या आठवडे ठेवून घेतात, त्याच्याशी बोलतात, घरच्यांशी बोलतात, आणि सुटलेले लोक नव्यांना आधार देतात. दारू सोडलेल्यानेच दारुड्याला सांभाळायचं, ही रीत अमेरिकेत 1935 साली दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून सुरू केली. चांगली रीत आहे. पण आपल्या पाड्यावरच्या माणसाला पुणं कसं परवडावं? गाडीभाडं, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडाली. तोवर वेचणी निघून जाते. म्हणून इलाज आपल्या जवळ यायला पाहिजे.

आणि इलाज म्हणजे मारझोड नाही. झाडाला बांधणं, कोंडून उपाशी ठेवणं, गावात गाढवावरून धिंड काढणं, याने दारू सुटत नाही. माणूस लपून प्यायला लागतो, आणि आजारी पडला तर सांगत नाही. सुटलेला पुन्हा प्याला तर ‘गेलाच’ म्हणून सोडून देऊ नका. हिवताप उलटला तर आपण पुन्हा गोळ्या देतो ना? तसंच हे.

काही जण म्हणतात, मोह आमच्या देवाचा. खरं आहे. पण सणाला शिंपडलेली मोहाची दारू वेगळी आणि ठेकेदाराची रोजची बाटली वेगळी. देवाच्या नावावर दुकान चालवू देऊ नका.

मागच्या डिसेंबरात, 1996 ला, दिल्लीत कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला दारूवर बंदी किंवा आळा घालण्याचा अधिकार देण्याचं त्यात लिहिलंय. राज्याने आपले कायदे वर्षभरात त्याला जुळवायचे आहेत. किनवटच्या गावांनी यावर पाळत ठेवा. आपला परभणी जिल्हा त्या क्षेत्रात नाही. म्हणून कळमनुरीच्या गावांना आणि इथल्यांना वेगळी मागणी करावी लागेल. घटनेचं कलम 47 तर सगळ्यांना आहे: नशेला आळा आणि लोकांचं आरोग्य, दोन्ही सरकारचं काम म्हणून एकाच कलमात लिहिलंय. सरकार दारूचा कर घेतं, मग इलाजाचा खर्चही त्यानेच उचलावा.

म्हणून मागण्या अशा ठेवू:

1. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दारू सोडणाऱ्यांसाठी खाटा राखून ठेवा. औषधं फुकट.
2. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला या इलाजाचं शिक्षण द्या.
3. मनोविकाराचा डॉक्टर ठरल्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलाच पाहिजे.
4. सोबतच्या माणसाला जेवण आणि गाडीभाडं.
5. मारझोड, कोंडणं बंद. पेशंटला आणि घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर गावात दोन बाया, दोन गडी निवडा. कोण रोज पितो, कुणाचे हात कापतात, याची यादी त्यांनी करावी. चावडीवर वाचायला नाही, दवाखान्यात न्यायला. भट्टी मोडायचा दिवस ठरवण्याआधी त्यांना डॉक्टरला दाखवा. परत आलेल्याच्या घरी दर आठवड्याला जाऊन बसा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन आकडे आणायचे: किती जमिनीचे दावे टाकले, आणि किती माणसं दवाखान्यात नेली.

जिंदाबाद!