तिऱ्हाइताची सही

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं राजेश्वर, बसवकल्याण तालुक्यातलं. इथं एखाद्या जुन्या घरातली पेटी उघडली तर निजामाच्या अमलातला उर्दू कागद सापडावा, पोरांच्या दाखल्यावर कन्नड असावं, घरात मराठी चालावी आणि झेरॉक्सवर मात्र निळा इंग्रजी शिक्का उमटलेला: 'अटेस्टेड'. आज या 'अटेस्ट'चंच बोलू.

लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. अभ्यासक त्याची फोड 'तिसरा उभा असलेला' अशी करतात. व्यवहार दोघांचा, आणि बाजूला उभा राहून बघणारा तिसरा. आपला तिऱ्हाईतच की! संस्कृतातल्या साक्षीत डोळा आहे, उर्दूतल्या तसदीकमध्ये खरेपणा, कन्नडमधल्या दृढीकरणात पक्केपणा. लॅटिनचा दावा सगळ्यांत माफक, म्हणून मला तो आवडतो: माणूस तिथं हजर होता, बस्स. प्रोटेस्ट, कॉन्टेस्ट ही याच घरची भावंडं. शाळेतली 'टेस्ट' मात्र वेगळ्या कुळातली. ती सोन्याचांदीचा कस बघायच्या मातीच्या भांड्यावरून आली.

हा अर्थ समजला की कचेरीतली भीती निम्मी कमी होते. दस्तलेखक चहाच्या टपरीवरून कुणाला तरी हाक मारतो, "मामा, इथं जरा साक्षीदार म्हणून सही करा." मामा बिचकतात: आत काय लिहिलंय कुणास ठाऊक, उद्या आपल्याच गळ्यात यायचं! मृत्युपत्रापुरतं सांगायचं तर मजकूर साक्षीदाराला ठाऊक असावाच लागत नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 63 किमान दोन साक्षीदार मागतं. करून देणाऱ्यानं सही किंवा अंगठा केलेला त्यांनी पाहिलेला असावा, नाहीतर 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि मग आपली सही त्याच्यासमोर करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही. पण कागद संध्याकाळी घरी पाठवून घेतलेली सही म्हणजे अटेस्ट नव्हे.

2014 पासून केंद्र सरकारनं झेरॉक्सवर स्वतःच सही करायची पद्धत रूढ केली. हेलपाटे वाचले, छानच झालं. शब्दाच्या दृष्टीनं मात्र गंमत, कारण तिऱ्हाईत आता आपणच! मृत्युपत्राला ही सवलत नाही. पुढं ते कोर्टात सिद्ध करायची वेळ आली, तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी बोलवावंच लागतं. तेव्हा साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयानं लहान बघावा.