पोट कमी करायचंय? आधी संध्याकाळ बघा



आपलं वजन वाढलंय हे पुरुषाला सहसा उशिरा कळतं, कारण त्याच्या पँटचा नंबर बदललेला नसतो. दहा वर्षांपूर्वी 34 होता, आजही 34च. बदललेली असते ती पट्ट्याची जागा. तो घसरत घसरत पोटाच्या खाली जाऊन बसलेला असतो. म्हणून कुठलंही डाएट धरण्याआधी घरातली शिलाईची टेप घ्या. शर्ट वर करा, श्वास नेहमीसारखा सोडा आणि पोट आत न ओढता, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी फिरवा. भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेघ 90 सेंटिमीटरला आहे, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच.

नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! हातपाय काटक आणि पोट तेवढं पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. ही आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबीच मधुमेहाला आमंत्रण देते. त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी, की वजन उतरू लागलं की ती लवकर हलते.

आता डाएट कोणतं? महाराष्ट्रात यावर घराघरांत दोन तट आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने खा. शिवाय धान्य जवळपास बंद करायला लावणारं कीटो आहेच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने सहाशेवर माणसांना वर्षभर दोन प्रकारचे आहार दिले, एकात कर्बोदकं कमी, दुसऱ्यात स्निग्ध पदार्थ कमी. 2018 साली निष्कर्ष आला: दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच घटलं. तेव्हा भांडण सोडा आणि आपला दिवस कसा जातो ते बघा. दुपारी ठरल्या वेळी घरी येऊन जेवणाऱ्या दुकानदाराला दोन वेळांची पद्धत छान जमते. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला किंवा ट्रक चालवणाऱ्याला ती जाचते. पाच वाजता पोटात कावळे ओरडू लागले की तो पहिल्या टपरीवर वडापाव घेणार. त्याने डब्याबरोबर मूठभर फुटाणे ठेवावेत. कीटोबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्या घरात भाकरी आणि भात शिजतो, तिथे ते महिन्याभरात मोडतं.

तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढा. बहुतेक पुरुषांच्या वहीत घोटाळा जेवणाच्या ताटात नसतो, तो संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान असतो. घरी आल्या आल्या टीव्हीसमोर शेवेचा डबा उघडतो आणि वाटीत न काढता थेट डब्यातून खाणं चालतं. ‘बसणं’ असेल तर हिशेब आणखी वाढतो. साठ मिलिलिटरचे दोन पेग म्हणजे सुमारे 280 कॅलरी, चखण्याला पन्नास ग्रॅम शेंगदाणे म्हणजे तेवढ्याच. जवळजवळ तीन भाकऱ्या जेवणाआधीच झाल्या, आणि जेवण पुढे आहेच. ज्याला डाएट नको आणि एकच बदल करायचाय, त्याने संध्याकाळचं हे खाणंपिणं आवरावं. त्यानंतरचा नंबर दोन-दोन चमचे साखरेच्या पाच चहांचा, म्हणजे रोजच्या 200 कॅलरींचा.

कमी खाताना प्रथिनं मात्र कमी करू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. रोज किलोमागे 0.83 ग्रॅम, हे आपल्या देशाचं प्रमाण. ऐंशी किलोच्या माणसाला सुमारे 66 ग्रॅम. नुसत्या पोह्यांनी आणि पातळ आमटीने ते भरत नाही. मटकीची घट्ट उसळ, दही, अंडी, मासे यांनी भरतं. उपवासाची साबुदाणा खिचडी यात धरू नका, तिच्यात बहुतांश पिष्ट आणि तूप!

आणि एक घरगुती विनंती. ‘उद्यापासून माझं डाएट’ असं सांगून बायकोला दोन स्वयंपाक करायला लावू नका. घरच्याच जेवणात भात अर्धा करा, भाजी दुप्पट घ्या, सोबत काकडी-टोमॅटो चिरायचं काम स्वतःकडे ठेवा.

घाईही नको. आठवड्याला अर्धा किलो उतरणं भरपूर झालं. 85 किलोच्या माणसाने सहा किलो घटवले आणि रोज अर्धा तास झपाझप चालला, तरी मधुमेहाचा धोका बराच खाली येतो. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी एखादं जेवण वगळण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. डोस तोच आणि जेवण कमी, असं झालं तर साखर एकदम उतरते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो. अशा वेळी लगेच साखरेचं पाणी प्या, डाएटचा विचार नंतर.