खाटेजवळची आई पाहुणी नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक आरोग्याची चर्चा बहुधा खाटा, डॉक्टर, औषधे आणि अंदाजपत्रक या चार शब्दांभोवती फिरते. हे चारही शब्द महत्त्वाचेच आहेत. परंतु ज्या घरातील तान्ह्या मुलावर मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्या घराला आणखी एक गोष्ट कळून चुकलेली असते. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. मूल बरे होण्यास दिवस आणि आठवडे लागतात. त्या काळात आईबापांनी कोठे राहायचे, काय खायचे आणि मुलासाठी काय करायचे, याचे उत्तर व्यवस्थेजवळ बहुधा नसते. आजचा विषय एवढाच आहे.

हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोक असलेल्या मुलाचे उदाहरण घ्यावे. छाती मधोमध उघडून हे भोक बुजवले जाते. त्यानंतर अतिदक्षता विभागात आईला जे मूल दाखवतात, ते तिला चटकन ओळखू येत नाही. अंगावर सूज, श्वासनलिकेत घातलेली नळी, छातीत साचणारे रक्त बाहेर नेणारी दुसरी नळी, गळ्याजवळ आणि मनगटात सुया, भोवती सतत वाजणारी यंत्रे. श्वासाची नळी स्वरतंतूंमधून गेलेली असल्याने मूल रडते तेव्हा चेहरा आक्रसतो, पण आवाज निघत नाही. आपल्या मुलाचे असे निःशब्द रडणे पाहत उभे राहावे लागणे, याहून कठीण प्रसंग आईबापांच्या वाट्याला क्वचितच येत असेल. आईचे दूध मात्र थांबत नाही. ते दर दोन-तीन तासांनी पिळून काढावे लागते, नाहीतर आटू लागते. पुढे तेच दूध नाकातील नळीवाटे थोडे थोडे मुलाच्या पोटात जाते. श्वासाची नळी निघाल्यानंतरचे पहिले रडणे घोगरे असते, आणि त्या घोगऱ्या रडण्यानेच आईच्या जिवात जीव येतो.

येथून पुढचे काम बव्हंशी तिचे असते. छातीचे हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून मुलाला उचलावयाचे नसते; एक हात डोक्यामानेखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून अलगद उचलावे लागते. जखम लाल होणे, ताप येणे, धाप लागणे, दूध पिताना घामाघूम होणे, ही धोक्याची चिन्हे ओळखावी लागतात. म्हणजे घरी गेल्यावर मुलाची परिचारिका आईच असते. या कामाचे शिक्षण मात्र तिला अनेकदा घरी सोडण्याच्या दिवशी, कागद हातात ठेवता ठेवता, घाईघाईने दिले जाते. तोपर्यंत तिची जागा दाराबाहेरच्या बाकावर असते.

हे बाक अपरिहार्य आहे काय? इतिहास तसे सांगत नाही. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत एके काळी आईबापांना आठवड्यातून एखाद्या वेळीच मुलाला भेटू देत. आईबाप आले की मुले रडतात आणि न आल्यास शांत राहतात, असे समर्थन केले जाई. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स या डॉक्टरांनी १९२० च्या दशकातच आजारी बाळांबरोबर त्यांच्या आयांनाही दाखल करून घेण्यास सुरुवात केली होती. परंतु ती वाट इतरांनी धरली नाही. पुढे जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयातील दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट केला आणि त्या 'शांत' राहण्याचा खरा अर्थ दाखवला. ती शांतता समाधानाची नसून निराशेची होती. १९५९ साली प्लॅट समितीने भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलाबरोबर आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. तरीही शिफारस कागदावरच राहील हे ओळखून पालकांनी १९६१ साली संघटना उभी केली आणि रुग्णालयांमागे लकडा लावला. उपचार फुकट मिळणे आणि माणुसकीने मिळणे या दोन निरनिराळ्या लढाया आहेत, हा त्यातील धडा आहे.

आईच्या साक्षीचे मोल किती असते, हे अमेरिकेतील एका घटनेने दाखवून दिले. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली. स्नायू लुळे करणारे औषध त्याला दिले होते. वेदना शमवणारे काहीच दिले नव्हते. काही आठवड्यांनी बाळ दगावले. आईने खोदून चौकशी केली तेव्हा ही गोष्ट उघड झाली. इतक्या लहान बाळांना वेदना कळतच नाहीत, ही तेव्हाच्या वैद्यकातील रूढ समजूत होती. ती आई गप्प बसली नाही. १९८६ साली हे प्रकरण वृत्तपत्रांत आले. त्याच सुमारास इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद ऑक्सफर्ड येथे याच प्रश्नाचा अभ्यास करीत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होतात, हे त्यांच्या व सहकाऱ्यांच्या १९८७ मधील निबंधाने सिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपली भूमिका बदलली. मूल कळवळते आहे हे कोणत्याही अडाणी आईला दिसत होते. शास्त्राला ते मान्य होण्यास इतकी वर्षे लागली, कारण तिचे पाहणे पुरावा म्हणून धरलेच जात नव्हते.

आता महाराष्ट्राकडे वळावे. मुलांमधील जन्मजात दोष शोधून उपचार करण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. राज्याची जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने चालते. पूर्वी ज्या मुलांच्या बाबतीत घरच्यांनी नशिबाला बोल लावून हात टेकले असते, अशा कितीतरी मुलांवर यामुळे शस्त्रक्रिया झाल्या. हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा योजनेत हिशेब रुग्णाचा होतो: रुग्णाची खाट, रुग्णाचे औषध, रुग्णाचे जेवण. रुग्ण तीन महिन्यांचा असेल तर त्याचे जेवण म्हणजे आईचे दूध! ती आई जिन्याखाली वडापाव खाऊन दिवस काढीत असेल, तर रुग्णाच्या जेवणाची तरतूद झाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शिवाय बुडालेल्या मजुरीचे काय? प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली, पण ती मिळते हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीला. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मूल रुग्णालयात आणि आई त्याच्याजवळ, म्हणजे मुकादमाच्या वहीत खाडा. उचल फिटायची राहते ती राहतेच, वर खाड्याचा दंड. शस्त्रक्रिया फुकट होऊनही कर्ज वाढते ते असे. मग आठ दिवस राहण्याऐवजी चौथ्या दिवशीच 'आम्हाला सोडा' म्हणून आई हात जोडते, आणि फेरतपासणीची तारीख चुकते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. आईबापांना आत सोडल्यास संसर्ग वाढेल हा पहिला, आणि परिचारिकांच्या कामात अडथळा येईल हा दुसरा. दोन्हींचा विचार गंभीरपणे केला पाहिजे, कारण अपुऱ्या परिचारिकांवर असह्य भार आहे हे खरेच आहे. उत्तर दिल्लीत सापडते. ज्या विलिंग्डन रुग्णालयात १९६७ साली शस्त्रक्रियेनंतर डॉ. राममनोहर लोहियांचे निधन झाले, त्याच रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे. तेथील नवजात विभागात आईबापांना हात धुण्यापासून बाळाला छातीशी धरण्यापर्यंत सारे रीतसर शिकवून उपचारात सामील करून घेण्यात आले. संसर्ग वाढल्याचे आढळले नाही. स्तनपान मात्र वाढले. केंद्र सरकारने २०१७ साली या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती नवजात विभागांसाठी आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या बाळांच्या विभागांनाही तोच न्याय लावता येणार नाही असे काही नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात चार गोष्टींची चौकशी करावी. तान्ह्या मुलाच्या आईला रात्री निजायला जागा आणि दूध काढण्यास आडोसा आहे काय? तिला दोन वेळचे जेवण रुग्णालयातून मिळते काय? मुलाला कसे उचलावे, कसे पाजावे, कोणत्या लक्षणाला धावत यावे, हे तिच्या भाषेत तिला आधीपासून शिकवले जाते काय? आणि तिच्या किंवा बापाच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई कोण करतो? पहिल्या तीन मागण्यांना खर्च थोडा आहे. त्या स्थानिक पातळीवर रेटल्यास पदरात पडू शकतात. चौथीसाठी कायद्याची आणि दीर्घ लढ्याची गरज आहे. ती मागताना दयेची भाषा कोणी वापरू नये. खाटेजवळ बसलेली आई त्या मुलाच्या उपचाराचा एक भाग आहे, आणि औषधाची किंमत जशी धरली जाते, तशी तिच्या दिवसाचीही धरली गेली पाहिजे.