अनुमापनाचा जमाखर्च
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



 गोमंतकीय श्रोत्यांना लोहखनिज नवे नाही. त्याचा भाव लोहाच्या टक्क्यावर ठरतो; पण तो टक्का ब्युरेटमधून पडणाऱ्या थेंबांनी मोजता येतो, हे सर्वांनाच ठाऊक असेल असे नाही.

खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात, त्यातील सारे लोह क्षपणाने फेरस रूपात आणतात आणि मग पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा विद्राव थेंबाथेंबाने सोडतात. मार्गेरित या फ्रेंच रसायनज्ञाने १८४६ साली परमँगनेटने लोह मोजण्याची रीत दिली. परमँगनेटचा एक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो, फेरस आयन एक देतो. देणे-घेणे फिटले की पुढच्या थेंबाची गुलाबी छटा टिकून राहते.

नेर्न्स्टने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे हा व्यवहार कागदावर उतरवता येतो. लोहाच्या जोडीचे प्रमाण विभव ०.७७ व्होल्ट, परमँगनेटचे १.५१. एकूण लोह, एकूण मँगनीज आणि इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च यांची समीकरणे एकत्र सोडवली की प्रत्येक थेंबानंतरचे विभव मिळते. तीव्र आम्लात ते अर्ध्या वाटेवर ०.७७ आणि तुल्यबिंदूपाशी सुमारे १.३९ व्होल्ट येते. समतोल स्थिरांक जवळजवळ १० चा ६२ वा घात! यापेक्षा निःशंक व्यवहार कोणता असणार?

परंतु या गणिती प्रतिमानात आपण पात्रातील क्लोराइड धरलेच नाही. क्लोरिनचे प्रमाण विभव १.३६ व्होल्ट, म्हणजे परमँगनेटपेक्षा कमी. एरवी थंड, विरल विद्रावात क्लोराइडचे ऑक्सिडीकरण फार सावकाश होते. लोहाची क्रिया चालू असताना मात्र तेही वेग घेते. समतोलाचे गणित काय घडू शकते ते सांगते. किती वेगाने घडेल ते सांगत नाही.

याची किंमत पाहा. ०.०२ मोलर परमँगनेटचा एक मिलिलिटर म्हणजे ५.५८५ मिलिग्रॅम लोह. क्लोराइडपायी ०.२ मिलिलिटर जादा खर्ची पडले, तर पाव ग्रॅम खनिजातील टक्का सुमारे ०.४५ ने फुगतो. पन्नास हजार टनांच्या जहाजावर हे नसलेले सव्वादोनशे टन लोह झाले!

उपाय जुना आहे. झिमरमन आणि राइनहार्ट यांच्या नावाच्या विद्रावात मँगनीज सल्फेट, फॉस्फरिक आम्ल आणि सल्फ्यूरिक आम्ल असते. मँगनीज सल्फेटामुळे क्लोराइडवरील हल्ला आवरतो; फॉस्फरिक आम्ल फेरिक लोहाला बांधून त्याचा पिवळेपणा घालवते आणि अखेरची गुलाबी छटा स्पष्ट दिसते. परमँगनेटऐवजी डायक्रोमेट वापरण्याचाही प्रघात आहे.

मित्रहो, समीकरण सुटले म्हणून हिशेब पुरा झाला असे नव्हे. पात्रात कोण कोण आहे, हे आधी विचारावे लागते. हिशेब कोणताही असो, खतावणीत न चढलेले एक नाव साऱ्या बेरजेला खोटे पाडू शकते.