परक्या अंगणातील रांगोळी

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेचा मुलींचा खो-खो संघ मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी कोल्हापूरहून म्हैसूरला गेला असता, बोगादी येथील मुक्कामी मुख्याध्यापिकांनी संघापुढे केलेले भाषण.)



उद्या सकाळी तुमचा सामना आहे. डावपेच क्रीडाशिक्षकांनी सांगितलेच आहेत. त्यांत मी भर घालणार नाही. मला बोलायचे आहे ते आज सकाळी पाहिलेल्या एका दृश्याविषयी.

सरावासाठी तुम्ही घाईने बाहेर पडलात. उंबऱ्यापुढे यजमानांच्या घरातील आजींनी नुकतीच रांगोळी काढली होती. पाच-सहा जोड बूट तिच्यावरून गेले. मागून कोणीतरी आजींच्या कन्नड बोलण्याची नक्कल केली आणि हशा पिकला. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पाणी शिंपडले, खाली बसल्या आणि तीच रांगोळी पहिल्या ठिपक्यापासून मांडली.

मी कोणाचेही नाव घेणार नाही. कारण तुमच्याहून थोडी मोठी असताना मीही असेच वागले आहे.

महाविद्यालयात असताना आमचा संघ दक्षिणेतील एका गावी खेळायला गेला होता. आमची उतरण्याची सोय एका कुटुंबाने आपल्या घरी केली होती. पहिल्या रात्री केळीच्या पानावर भात आणि सार वाढले गेले. मला भाकरीची सवय. दोन घास खाऊन मी नाक मुरडले, मैत्रिणीजवळ मराठीतून काहीतरी खोचक बोलले आणि भरले पान तसेच टाकून उठले. भाषा कळत नसल्याने घरातील आजींना काही समजले नसेल, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या पानावर चपात्या आल्या. जाड, कडेला करपलेल्या, सवय नसलेल्या हातांनी लाटलेल्या. घरातील मुलीने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले की, घरात गव्हाचे पीठ नव्हते; आजींनी पहाटे ते शेजारून मागून आणले होते. मी मुकाट्याने जेवले. क्षमा मागण्याइतकी त्यांची भाषा मला येत नव्हती, आणि तेवढे दोन शब्द कोणाला विचारून घ्यावेत, हेही मला सुचले नाही. ते सामने आम्ही जिंकलो की हरलो, हे आज मला आठवत नाही. त्या चपात्या मात्र आठवतात.

मुलींनो, आपण कोल्हापूरच्या. पाहुण्या खेळाडूचे वागणे यजमानांच्या मनाला कसे भिडते, हे आपल्याइतके कोणाला कळावे? राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात पंजाबपासून कर्नाटकापर्यंतचे मल्ल उतरत आले आहेत. बाहेरचा मल्ल हौद्यात उतरताना वाकून माती कपाळाला लावतो, तेव्हा तो आपल्या गावच्या पैलवानाविरुद्ध लढणार असूनही प्रेक्षक त्याला आपला मानतात. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे एकसंब्याचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. कोल्हापूरने त्यांना कधी परके मानले नाही. इथे म्हैसुरातही दसऱ्याला कुस्त्यांचे फड रंगतात. आपण ज्याला तालीम म्हणतो त्याला इथे गरडी म्हणतात. आत तीच लाल माती, तोच हनुमंत, आणि पायताण बाहेर काढण्याची तीच रीत.

मात्र प्रत्येक ठिकाणची रीत अशी ओळखीची नसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. आपल्या मातीत अनवाणी उतरायचे, तर तिथे बूट घालून. आपल्याकडचे नियम वेगळे, तिथले वेगळे. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी मॅटला नावे ठेवली नाहीत; ते मॅटवरची कुस्ती शिकले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. तेथे खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लाल मातीवरची निष्ठा सोडून ते मिळाले नाही. दुसऱ्याच्या आखाड्याची रीत मनापासून शिकल्याने आपली रीत लहान होत नाही, हे खाशाबांनी दाखवून दिले.

अलीकडचे एक उदाहरण याहूनही बोलके आहे. २०१९ साली रग्बीची विश्वचषक स्पर्धा जपानमध्ये झाली. जपानमध्ये अंगावरच्या गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो, म्हणून सार्वजनिक तरणतलाव आणि व्यायामशाळांत ते झाकावे, अशी सूचना खेळाडूंना देण्यात आली होती. सामोआच्या लोकांसाठी तर गोंदण म्हणजे वाडवडिलांचा पवित्र वारसा. तरीही तेथील खेळाडूंनी ती सूचना मानली. वारशाची त्यांना लाज वाटली म्हणून नव्हे. आपल्याला जे पवित्र आहे ते पाहून यजमानांच्या घरातील म्हाताऱ्या माणसांनी दचकू नये म्हणून. त्याच स्पर्धेत अनेक संघांनी सामना संपल्यावर जपानी पद्धतीने कमरेत वाकून प्रेक्षकांना अभिवादन केले.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. परंपरा म्हणून जे जे सांगितले जाईल ते सारे निमूटपणे मान्य करा, असे मी म्हणत नाही. पुण्यात पळवणकर बाळू नावाचा श्रेष्ठ गोलंदाज होता. मैदानावर त्याची गोलंदाजी सर्वांना हवी असे. पण चहाच्या वेळी अस्पृश्य म्हणून त्याला बाहेर उभे करून मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. तीही रूढीच होती. हाच बाळू १९११ साली पहिल्या अखिल भारतीय संघातून इंग्लंडला गेला आणि त्याने दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. माणसाला हीन लेखणारी रूढी आपल्या घरची असो वा परक्याची, तिचा मान राखण्याचे कारण नाही. परंतु उंबऱ्यापुढची रांगोळी, केळीचे पान, निघताना हाती दिलेली मल्लिगेची फुले, यांनी कोणाला हीन लेखले? ज्या रीतीत केवळ माया आहे, तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणत्याही पाहुण्याला नाही.

आपली शाळा मराठी माध्यमाची. साठ वर्षे आपण एकच गोष्ट सांगत आलो: आमच्या भाषेला हसू नका. ज्यांना स्वतःच्या भाषेचा मान हवा आहे, त्यांनी दुसऱ्याच्या भाषेची नक्कल करून हसावे, हे मला शोभणारे वाटत नाही. आपल्या घरातले अक्का आणि अण्णा हे शब्द कन्नडमधून आलेले आहेत, आणि पंढरीच्या विठ्ठलाला आपल्याच संतांनी प्रेमाने कानडा म्हटले आहे. हे नाते एका सामन्यापेक्षा फार जुने आहे.

२०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपानचा संघ रशियात बेल्जियमकडून हरला. त्या रात्री त्यांनी आपली खोली झाडूनपुसून लख्ख केली आणि जाताना रशियन भाषेत आभाराचा एक शब्द लिहून ठेवला. एकच शब्द, पण यजमानांच्या भाषेतला.

तुम्हांला मी तीन शब्दप्रयोग देते. रात्री पाठ करा. ‘क्षमिसि’, म्हणजे क्षमा करा. ‘ऊट चेन्नागित्तु’, म्हणजे जेवण छान होते. आणि तिसरा, ‘होगि बर्तीवि’, म्हणजे जाऊन येतो. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो ना? इथेही तसेच म्हणतात.

उद्या पहाटे लवकर उठा. पहिला शब्द आजींना सांगा, आणि त्यांची परवानगी असेल तर रांगोळीसाठी पाणी शिंपडायला हात लावा. मग बूट हातात घेऊन कडेने बाहेर पडा आणि मन लावून खेळा. सामन्याचा निकाल काय लागेल, ते मला ठाऊक नाही. पण संध्याकाळी गाडीत बसण्यापूर्वी तुमच्या तोंडून तिसरा शब्द ऐकल्यावर आजींनी ‘या बाळांनो, पुन्हा या’ असे मनापासून म्हणावे, एवढी माझी इच्छा आहे.

मला ते दोन शब्द वेळेवर सुचले नव्हते. तुमच्यापाशी अजून रात्र आहे.