प्रमुख पाहुण्याची रिकामी जागा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



निमंत्रणपत्रिका मिळाल्यावर पुष्कळांनी मला फोन केला. "अरे, प्रमुख पाहुणा कोण आहे? नाव छापायचं राहिलं का?" राहिलं नाही. ते नाव नाही, याचं कारण मीच आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

समितीच्या पहिल्या बैठकीत मीच म्हणालो होतो की, टीव्ही मालिकेतला एखादा नट आणू. त्याशिवाय माणसं जमणार नाहीत. एका नटाचा नंबर मिळवला. त्याच्या माणसाने मानधन सांगितलं, शिवाय गाडी आणि हॉटेल वेगळं. आपली तोवर जमलेली सगळी वर्गणी त्यात गेली असती. तरी मी हटून बसलो होतो. मग आपल्या एका वर्गमैत्रिणीने विचारलं, "तो आपल्यातल्या कुणाला नावाने ओळखतो का रे?" मला उत्तर देता आलं नाही. तिचं नाव घेत नाही, घेतलं तर घरी गेल्यावर मला बोलेल. ती मागच्या रांगेत बसली आहे.

नटांना नावं ठेवायला मी उभा नाही. सिनेमा, मालिका, मोठी माणसं यांचा समाजावर फार परिणाम होतो, हे आपण ऐकत आलोय. तो होतोच. पण तो टिकतो कधी, एवढ्यावरच मला बोलायचंय.

आपण सातवीत असताना शाळेने सगळ्यांना तंबूतल्या टॉकीजमध्ये 'देवकीनंदन गोपाला' दाखवला होता, आठवतंय? राजदत्तांचा १९७७ चा सिनेमा, डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले होते. आपण मातीत बसून रडलो. बाबा १९५६ साली गेले, आपल्यातल्या कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. पण त्या रात्री लागूंनी ते आपल्याला दाखवले. गावात शिरलं की दिवसा झाडू हातात घ्यायचा, रात्री कीर्तनाला उभं राहायचं, असा तो माणूस. कीर्तन ही त्या काळची मोठी करमणूक. पण आधी झाडू आणि मग करमणूक, हा त्यांचा क्रम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपले मराठीचे गुरुजी खराट्यांचा भारा घेऊन मैदानावर उभे होते. म्हणाले, "काल रडलात ना? मग आता झाडा." गुरुजी, तुम्ही समोर बसला आहात. सिनेमातले प्रसंग मी आता पुष्कळ विसरलोय, तुमचा खराटा विसरलो नाही. ते खराटे नसते तर तो सिनेमा आमच्यासाठी एका रात्रीपुरताच राहिला असता.

आता २०१६ चा उन्हाळा आठवा. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिलेला. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात आमिर खान यांच्या पाणी फाउंडेशनने पहिला वॉटर कप घेतला. राज्यातले तीनच तालुके निवडले होते: वरुड, कोरेगाव आणि आपला अंबाजोगाई. डोंगरउतारावर सलग समतल चर कसे खणावेत, हे कृषी खात्याची माणसं कितीतरी वर्षं सांगत होती. पण एका पारावर कधी न बसणारे दोन गट एका चरात उतरले, ते त्या वर्षी. त्यात आमिर खानच्या नावाचा वाटा होता, तो नाकारायचं कारण नाही. गावच्या माणसांना रीतसर प्रशिक्षणही दिलं गेलं. पुढच्या वर्षी स्पर्धा ३० तालुक्यांत गेली, २०१८ ला ७५.

मागच्या रांगेतली आपली मैत्रीण अंबाजोगाई तालुक्यातल्याच एका गावात दिलेली आहे. तिने फोन केला, "श्रमदानाला ये." मी विचारलं, "आमिर खान येणार आहे का?" ती हसली. एका रविवारी मी पुण्याहून गेलो. दोन तास काम केलं, फोटो काढला, फेसबुकवर टाकला. शेकड्यांनी लाईक आले. तिचीही प्रतिक्रिया आली: "फोटो छान. फक्त खोरं उलटं धरलंयस."

तिच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीची. सहा महिने कोयता चालवून फडावरून नुकतीच परतलेली माणसं चाळीसवर दिवस रोज टेकडीवर चढत होती. मी दोन तासांचा पाहुणा होतो.

पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळूला मिळालं. तिच्या गावाला काहीच मिळालं नाही. कॅमेरे गेले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चरांत गाळ भरला, आणि तो काढायला गावातून सात घरं आली. फक्त सात. पण ती सात घरं आजही दर वर्षी पावसाच्या आधी गाळ काढतात. टँकर कायमचा गेला असं ती म्हणत नाही. पाऊसच पडला नाही तर चरात साठणार काय, आणि साठलेलं वरच्या अंगाचा ऊस पिऊन टाकतो, हेही तीच सांगते. पण पाऊस बरा झाला तर जानेवारीत तळ दिसणारा तिचा आड आता मार्चपर्यंत पुरतो. हे सात घरांचं काम आहे.

आता जरा जड बोलतो. मागच्या वर्षी माझा पुतण्या मला एका रीलमध्ये दिसला. चौकात कुणातरी 'भाऊं'चा वाढदिवस, तलवारीने केक कापलेला, आणि हा शेजारी हात उंचावून उभा. सोळा वर्षांचं पोरगं. मी गावी आलो आणि त्याला झापलं. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, ते मला नावाने हाक मारतात. तुम्ही वर्षातनं दोनदा येता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो खोटं बोलला नव्हता. दूरचा नट आपल्या पोरांना बिघडवतो म्हणून आपण कुरकुर करतो. पण पोरगं ज्याच्यामागे जातं तो दूरचा नसतो, रोज भेटणारा असतो. आपण शिकलो, नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईला गेलो. गावात आपली जी जागा मोकळी झाली ती रिकामी राहिली नाही. तिथे दुसरं कुणीतरी उभं राहिलं.

आपल्या जिल्ह्याला खरा नायक नाही असंही नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायपीट केलेला मुलगा, बारावीनंतर सैन्यात गेला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं. १९९८ ते २०१८ या शर्यतीची सगळी पदकं केनियाने नेली होती, ती साखळी आपल्या मांडव्याच्या पोराने तोडली. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण.

त्याच्यामुळे आपल्या शाळेतली सहा मुलं आणि दोन मुली पहाटे धावायला लागल्या आहेत, असं मुख्याध्यापकांनी मला सांगितलं. आनंद झाला. मग विचारलं, "धावतात कुठे?" म्हणाले, "रस्त्यावर. मैदानात दगडगोटे आहेत, पाय मुरगळतो." त्याच रस्त्यावरून पहाटे उसाच्या गाड्या जातात. साबळेने त्या मुलांना घराबाहेर काढलं. पण मैदान सपाट करायला तो येणार नाही. ते त्याचं काम नाही, आपलं आहे.

म्हणून त्या बैठकीनंतर समितीने ठरवलं की, पाहुण्याच्या मानधनाचे पैसे मैदानाला लावायचे. जेसीबी आणि मुरूम त्यात बसतोय. दगड वेचणं बसत नाही. उद्या सकाळी सात वाजता मैदानावर या. पुतण्याला मी आणतोय. येतो म्हणालाय, बघू. आणि मी इथून पुढे दर महिन्याचा दुसरा रविवार गावात काढणार आहे. हे सगळ्यांसमोर बोलतोय ते एवढ्यासाठी की, चुकलो तर तुम्हाला कान धरता यावा.

गुरुजी, तुम्हाला एकच विनंती. उद्या आमच्यासाठी खराटा घेऊन उभे राहा. प्रमुख पाहुण्याची जागा आम्ही तुमच्यासाठीच मोकळी ठेवली आहे.

खोरं सरळ कसं धरायचं ते मी शिकलोय.